ऑपरेशन पायासाठी, कमरेसाठी नव्हे
(कमरेच्या सरकलेल्या गादीच्या ऑपरेशनबद्दल एका सर्जननी ठाण्यात नौपाड्यातल्या श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आधी त्या एमआरआयच्या पिशव्या खुर्चीखाली ठेवा. इथून मला बऱ्याच दिसतायत, पण आज मी त्या बघणार नाही. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर दुखत नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्के लोकांची दोन मणक्यांमधली एक तरी गादी, म्हणजे डिस्क, फुगलेली निघाली. तेव्हा फिल्म बघून ऑपरेशन ठरवणारा डॉक्टर भेटला, तर जरा सावध व्हा.

तळताना करंजी फुटते आणि सारण बाहेर येतं, तसं गादीचं होतं. बाहेरचं कडं फाटतं, आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर बसतो. मग नुसता दाब नसतो, त्या गराने नस सुजते, चिडते. म्हणून कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत, पार तळपायापर्यंत जाते. हीच सायटिका. बहुतेकांच्या बाबतीत हे कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपाशी घडतं.

बाहेर आलेला हा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, आणि गंमत म्हणजे मोठे, सुटे तुकडे जास्त वेळा विरघळतात. त्यामुळे सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची कळ उतरते. उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची आपली जुनी पद्धत आहे. उसण चार दिवसांत जाणारच असते, श्रेय पायाळूला मिळतं. आम्हा सर्जन मंडळींनाही असं फुकटचं श्रेय पुष्कळ मिळतं, हे कबूल करायला हवं.

मग ऑपरेशन कशाला? हॉलंडमध्ये २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली आला. सगळ्यांना तीव्र सायटिका, दीड ते तीन महिने झालेले. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. फरक एवढाच की ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली.

म्हणजे प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळेची किंमत प्रत्येकाची वेगळी. घोडबंदर रोडवर रिक्षा चालवणारा तीन महिने घरी बसला तर हप्ते थकतात. रोज गर्दीत उभी राहून लोकलने ऑफिस गाठणाऱ्या ताईंचंही तेच. त्यांनी सहा आठवडे औषधं, हालचाल, फिजिओ करूनही पाय ठणकतच असेल, तर ऑपरेशन मागण्यात काही कमीपणा नाही. निवृत्त काकांना झोप लागत असेल, तलावपाळीला एक चक्कर होत असेल, तर त्यांना मी थांबा म्हणतो.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठं हॉस्पिटल गाठा. सकाळी फॅमिली डॉक्टरांना दाखवू, असं म्हणू नका. लघवीची नस काही तासांत कायमची जाऊ शकते.

ऑपरेशन म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. मायक्रोस्कोपखाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन फक्त नसेवरचा तुकडा आणि सुटे कण काढतात. अख्खी गादी काढत नाहीत. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चालवतात. शंभरात पाच ते दहा जणांना तिथेच पुन्हा त्रास होतो. साध्या गादीसाठी मणक्यांत स्क्रू बसवावे लागत नाहीत. कुणी सुचवले, तर मणका जागेवरून हलतोय का आणि ते कोणत्या एक्स-रेत दिसलं, हे विचारा.

मागच्या काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘ऑपरेशननंतर कंबर दुखायची थांबेल ना?’ काकू, पायातली कळ बहुधा जाईल. कमरेची खात्री मी देत नाही. ती दुखणारी गादी तिथेच राहते. तुम्हाला पायात कळ नसेल, नुसती कंबरच दुखत असेल, तर हे ऑपरेशन तुमच्यासाठी नाही.