नववीच्या शाळेची वाट

गावात शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी पलीकडच्या गावी जावं लागतं, तीन-चार किलोमीटर. मुलगा चालत जातो. मुलीचं नाव निघालं की घरात चर्चा सुरू होते. रस्ता सुनसान आहे, परतायला अंधार होईल, लोक काय म्हणतील? कोणी सरळ नाही म्हणत नाही, पण तिचं शिक्षण तिथेच थांबतं. गरीब देशांतल्या कितीतरी मुलींची शाळा अशी अंतरापायी सुटते.

बिहार सरकारनं २००६ मध्ये यावर साधा उपाय काढला. नववीत जाणाऱ्या मुलीला सायकल घ्यायला पैसे द्यायचे, सुरुवातीला २,००० रुपये. अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी तुलना केली, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत हा फरक जास्त होता. कॅरिअरला दप्तर अडकवून सात-आठ जणी एकदम निघाल्या, की एकटीची भीती उरत नाही. हळूहळू गावाची नजरही सरावते. पुढे झांबियातही मुलींना सायकली दिल्यावर शाळेतली गैरहजेरी घटली.

शाळेची वाट सुटली, मग बाईच्या हातातल्या पैशाचं काय? बायकांना छोटी कर्जं दिली की गरिबी हटेल, अशी मोठी आशा होती. भारत, मोरोक्को, मेक्सिकोसह सहा देशांत तपासून पाहिलं, तर फायदा माफकच निघाला. मध्य प्रदेशातला अनुभव मला जास्त मोलाचा वाटतो. तिथे रोजगार हमीची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा केली आणि खातं कसं वापरायचं हेही शिकवलं. नुसतं खातं उघडून भागलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी झाल्या, तेव्हा बायका जास्त संख्येनं कामाला बाहेर पडू लागल्या.

आणि सत्ता. १९९३ पासून भारतात पंचायतीच्या किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव आहेत. पश्चिम बंगालमध्ये महिला प्रधानांनी, म्हणजे सरपंचांनी, पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. ज्या गावांत प्रधानपद लागोपाठ दोनदा राखीव राहिलं, तिथे मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत मिटली, मुलींच्या वाट्याचं घरकामही कमी झालं. एकदाच राखीव झालेल्या गावांत बदल इतका ठळक नव्हता. म्हणून पाच वर्षांत निकाल मागू नका. बाईला कारभार करताना पाहत एक पिढी वाढू द्या.