टाके न घातलेली जखम

[दृश्य: रबरी पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवलेला गुलाबी तुकडा]

हा तुकडा मघापर्यंत एका माणसाच्या जठरात होता. मधोमध फिकट, किंचित खोलगट डाग दिसतोय, तो कॅन्सर. अगदी सुरुवातीचा, वरच्या अस्तरापुरता. तुकडा मोकळा सोडला तर आक्रसतो आणि कडा समजत नाहीत, म्हणून चहूबाजूंनी टाचण्या. आता तो फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रवात जाईल. मग दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून कडेला काही उरलंय का, मुळं किती खोल गेली होती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील.

तुकडा जिथून निघाला, तिथे मागे काय राहिलं? आपल्याला ते पाहायचं आहे.

[दृश्य: टोकियो, रुग्णालयाची इमारत]

जपानमध्ये जठराच्या कॅन्सरने कित्येक दशकं माणसं नेली. लवकर सापडला तरी पोट उघडायचं आणि जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, हाच मार्ग होता. रुग्ण वाचायचा, पण पुढे आयुष्यभर दोन-दोन घास खात राहायचा. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी, पोट न उघडता तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतून गाठ कापता यावी म्हणून, विजेच्या सुरीच्या टोकाला चिनी मातीचा इवलासा मणी बसवला. सुरी आडवी कापते, पण टोक जठराच्या भिंतीत घुसत नाही. 2006 मध्ये ही शस्त्रक्रिया तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात आली.

[दृश्य: दुर्बिणीतून जठराचा आतला भाग, निळसर फुगवटा]

अस्तराखाली निळा रंग मिसळलेलं द्रव टोचतात. अस्तर वर उचललं जातं. भोवतीने कापत, खालून सोडवत, गाठ अख्खी एका तुकड्यात काढतात. आजूबाजूचं थोडं निरोगी अस्तरही घ्यावं लागतं, त्यामुळे दोन सेंटिमीटरच्या गाठीमागे चार-पाच सेंटिमीटरचा अल्सर उरू शकतो.

आणि त्याला सहसा टाके घालत नाहीत. उघड्या रक्तवाहिन्या तेवढ्या शेकून बंद करतात, दुर्बीण बाहेर काढतात. मांस पचवणाऱ्या आम्लात एवढी मोठी जखम उघडी! ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पण खालची स्नायूंची भिंत शाबूत असते, रक्तपुरवठा भरपूर असतो. त्या जोरावर जठर ही जखम स्वतः भरून काढतं. आम्हाला यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य हेच वाटतं.

[दृश्य: त्याच जागेची आठवड्यांच्या अंतराने घेतलेली चित्रं]

सुरुवातीला तळाशी पांढरट साका, कडा सुजलेल्या. मग सूज उतरते, तळातून लालसर नवं मांस भरू लागतं. सुकलेल्या तळ्यासारखी जखम चहूबाजूंनी आत आत येते. कडेच्या पेशी सरकत सरकत तिच्यावर नवं अस्तर पसरतात. जपानी डॉक्टर या प्रवासाच्या पायऱ्या मोजतात: आधी चिघळलेली, मग भरत आलेली, मग वण. वणही आधी लाल, नंतर पांढरा. जखम लहान असो वा मोठी, बहुतेक वेळा साधारण आठ आठवड्यांत ती मिटते.

धोका असतो तो रक्तस्रावाचा, मुख्यतः पहिल्या काही दिवसांत. आम्लात रक्ताची गुठळी टिकत नाही, ती विरघळते आणि बंद झालेली रक्तवाहिनी पुन्हा उघडते. म्हणून आम्ल दाबणारी औषधं पहिल्यापासून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्यांचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतात. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत, चालूही ठेवू नयेत.

[दृश्य: रुग्णालयातलं ताट, वाडग्यात भाताची पेज]

एक-दोन दिवसांनी ही पेज समोर येते. जपानी लोक तिला ओकायू म्हणतात. आजारातून उठलेल्या माणसाला कोकणात देतात ती पेजच. आठवड्याभरात रुग्ण बहुधा घरी जातो. पोट फारसं दुखत नाही, आणि तिथेच घात होतो: बरं वाटलं की आम्ल दाबणाऱ्या गोळ्या सुटतात. आत जखम अजून उघडी असते. शौचाला डांबरासारखं काळं झालं, चक्कर आली, रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

[दृश्य: पांढरा वण, जवळून]

वण पांढरा झाला तरी बाकीचं जठर तेच आहे, बहुतेकदा वर्षानुवर्षं हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने पोखरलेलं. म्हणून जिवाणू असेल तर तो औषधांनी काढतात. त्याने दुसरीकडे नवा कॅन्सर उगवण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. जठर वाचलं म्हणूनच ते पाहत राहावं लागतं. वर्षातून एकदा दुर्बीण पुन्हा आत जाते, आणि डॉक्टर वण ओलांडून उरलेलं अस्तर इंच-इंच तपासतात.