समुद्राची बाई

अध्यक्ष महोदया, कमिटी, आणि आतापासूनच जेवणाच्या रांगेवर डोळा ठेवून मागे उभे राहिलेले मित्रहो,

मुलांशी मराठीत कसं बोलावं, हा मला दिलेला विषय. पण गेल्या आठवड्यात लेक शाळेतून मरमेडची, म्हणजे जलपरीची, गोष्ट ऐकून आला आणि विचारता झाला, "बाबा, मरमेड म्हणजे समुद्राची कामवाली का?"

मी पोट धरून हसलो. बायको हसली नाही. "कुठून शिकला ते बघ," म्हणाली. बघायचं काय! दर रविवारी पुण्याचा फोन स्पीकरवर असतो आणि पहिली बातमी ठरलेली: "आज आमची मेड आलीच नाही!" पोराच्या लेखी मेड म्हणजे जी येत नाही ती.

मग मी मास्तरकी सुरू केली. जुन्या इंग्रजीत 'मेरे' म्हणजे समुद्र, नाहीतर तळं; मरमेडमधला 'मर' तो हाच. आपली सहल गेली त्या इंग्लंडातल्या विंडरमेअरमधला मेअरही तोच. (तेव्हा फोटोखाली 'विंडरमेअर लेक' लिहिणाऱ्यांनी 'तळं तळं' लिहिलंय. लिहिणारा मीच.) आणि 'मेड' म्हणजे मुलगी, कुमारिका. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या गोष्टीतला कोंबडा गातो तो मरमेडपेक्षा गोड. त्याच्याही कितीतरी आधी, 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी वीरकाव्यात, ग्रेंडेल राक्षसाच्या आईला 'मेरेविफ' म्हटलंय, पाण्यातली बाई. शेपटीचा या शब्दांत पत्ताच नाही. मोलकरीण हा अर्थ 'मेड'ला मागाहून चिकटला.

"पण मुलीची कामवाली का केली?" लेकाने विचारलं. मास्तरकी संपली.

आपण तरी वेगळं काय केलं? अहिल्याबाई, लक्ष्मीबाई. शाळेत बाई वर्गात आल्या की आपली बोलती बंद. आणि आज "बाई आली नाही" म्हटलं की कुठली बाई, हे कुणी विचारतं का? मग 'बाई' कानाला बरं वाटेना, म्हणून 'मेड' आली. तीही खटकायला लागली, तशा आता 'मावशी'. मावशी म्हणायचं आणि चहाचा कप वेगळा ठेवायचा! इथे आपण सगळेच आपापला संडास घासतो, त्याचं कौतुकही सांगतो. पुण्यात उतरलो की दुसऱ्या दिवसापासून जेवलेलं ताट उचलवत नाही. हसू नका, तुम्हालाही ओळखतो मी.

डिसेंबरात आम्ही निघालोय. विमानतळावर लेकाची सख्खी मावशी येईल, आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या मावशी दार उघडतील. ही पण आईची बहीण का, हे तो विचारणारच, आणि हो म्हटलं तर पुढचा प्रश्न, मग ती आपल्या पंगतीला का नाही बसत? सगळी सासुरवाडी समोर बसलेली असेल. तेव्हा काय बोलायचं, ते कुणाला सुचत असेल तर आज जेवताना सांगा.