बोट रात्री कुठे उभी राहणार?

स्वतःसाठी शिडाची बोट आखायला बसलेला माणूस पहिल्याच दिवशी डोलकाठीचं चित्र काढतो. मीही तेच केलं होतं. मग एका मित्राच्या बोटीवर कोकणातल्या एका खाडीत मुक्काम पडला. बोट देखणी, खाली दीड मीटर खोल सडपातळ कील, म्हणजे बोट सरळ ठेवणारं तळाखालचं जड पातं. रात्री ओहोटी लागली, पाणी निघून गेलं आणि बोट गाळात कलंडली. उरलेली रात्र आम्ही चौघं केबिनच्या भिंतीवर झोपून काढली. भरती येईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हापासून मी बोट तळाकडून आखतो.

समजा, मुंबई ते गोवा फिरायचं आहे, माणसं दोन-तीन, बोट २६ फुटी, वजन ३ टन. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, गोव्यात दोनच्या आसपास. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे, आत गाळ. आंग्र्यांची गलबतं उथळ पाण्यात चालणारी होती, ती काही हौस म्हणून नव्हे. म्हणून मी एका खोल कीलऐवजी दोन बाजूंना दोन आखूड कील देतो. बोट मीटरभर पाण्यात तरंगते आणि ओहोटीला गाळावर सरळ उभी राहते. पावसाळ्यात वर काढून ठेवली तरी कलंडण्याची भीती कमी. किंमत एकच: वाऱ्यावर चढताना, म्हणजे तोंडावरच्या वाऱ्यात पुढे जाताना, ती जास्त आडवी घसरते.

ही किंमत छोटी नाही. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि संध्याकाळी मरतो. मालवणकडे जाताना हा दुपारचा वारा पाठीशी असतो, सगळे खूश. परत मुंबईकडे निघालात की तोच तोंडावर. बोटीची परीक्षा परतीच्या वाटेवर होते.

शिडाची निवडही तिथेच ठरते. मला जंक रिग, म्हणजे आडव्या पट्ट्या घातलेलं चिनी पद्धतीचं शीड, मनापासून आवडतं. १९६० साली ब्रिटिश दर्यावर्दी ब्लाँडी हॅस्लर ‘जेस्टर’ या २५ फुटी बोटीतून एकट्यानं अटलांटिक ओलांडून शर्यतीत दुसरा आला, तो जंक शिडावरच. केबिनच्या झाकणातून डोकं बाहेर काढायचं, दोरी सैल सोडायची, शीड लहान झालं. म्हाताऱ्या गुडघ्यांना यासारखं सुख नाही. पण वाऱ्यावर चढायला ते कमी पडतं, आणि दोन कीलची बोट तिथे आधीच लंगडी. दोन लंगड्यांची जोडी नको. तेव्हा साधा स्लूप: एक डोलकाठी, एक मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड), एक जिब (पुढचं तिकोनी शीड), मिळून साधारण ३३ चौरस मीटर कापड. मेनसेलला तीन रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड लहान करायच्या तीन पायऱ्या, घ्या. डोलकाठी बुडाशी बिजागरीवर बसवा. खाडीवरच्या पुलाखालून जायचं असेल तर ती आडवी करता येते.

आता इंजिन. इथे मला दरवेळी ‘२५ अश्वशक्तीचं टाकू या ना?’ असं विचारणारा भेटतो. पाण्यावरची लांबी २२ फूट असेल तर तिच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणा: ६.३ नॉट (ताशी सागरी मैल). त्यापुढे अशी जड बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि जास्तीची ताकद फक्त डिझेल पिते. १० ते १२ पुरे. इंजिन वेगासाठी नसतंच, संध्याकाळी वारा पडल्यावर ओहोटीच्या विरुद्ध खाडीत शिरण्यासाठी असतं. मागे टांगलेलं आउटबोर्ड स्वस्त पडतं, पण लाटेवर शेपूट उचललं की पंखा हवेत गरगरतो, आणि दांड्यावरच्या लाटांत नेमकं तेच होतं. म्हणून पोटातलं डिझेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. डिझेल मच्छीमार बंदरांत मिळतं, आणि ते इंजिन उघडू शकणारा माणूसही तिथेच भेटतो. पंख्यात जाळं अडकणार हे मात्र धरूनच चाला. धारदार सुरी आणि पाण्यात उतरायची तयारी ठेवा.

डिझेलऐवजी विजेची मोटर का नको, असंही कुणी तरी विचारतंच. एक लिटर डिझेलमधली साधारण ३ किलोवॅट-तास ऊर्जा पंख्यापर्यंत पोचते. तेवढी वीज साठवायला लिथियम बॅटरीचे पंचवीस-तीस किलो लागतात. मांडव्याला दिवसभरात जाऊन यायचं असेल तर मी आज विजेचीच मोटर घेईन. मालवणला जायचं असेल तर नाही.