पंचांच्या हाती न सोडलेल्या लढती

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते गेनादी गोलोव्किनबद्दल. बॉक्सिंगचे चाहते त्याला ‘ट्रिपल जी’ म्हणतात. हा कझाकस्तानातल्या कारागांडाचा. कारागांडा म्हणजे कोळशाच्या खाणींचं शहर. वडील रशियन, खाण कामगार. आई कोरियन वंशाची. 1937 मध्ये स्टालिनने अतिपूर्वेकडच्या ज्या कोरियन कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात आणून टाकलं, त्या समाजातली. या घरात 8 एप्रिल 1982 रोजी जुळे मुलगे झाले. गेनादी त्यांतला एक.

त्याला तालमीत नेलं ते वादिम आणि सेर्गेई या थोरल्या भावांनी. रस्त्यात एखादा धिप्पाड माणूस दिसला की हे भाऊ धाकट्याला विचारायचे, याला घाबरतोस का? तो नाही म्हणाला की, मग जा, भिड त्याला! पुढे दोघेही सैन्यात गेले. 1990 मध्ये वादिमच्या मृत्यूची खबर आली. 1994 मध्ये सेर्गेईची. नेमकं काय घडलं, हे घरच्यांना कुणी धड सांगितलंही नाही. गेनादी तेव्हा बारा वर्षांचा होता. तालीम मात्र त्याने सोडली नाही.

हौशी बॉक्सिंगमध्ये त्याच्या नावावर 345 विजय आणि 5 पराभव सांगितले जातात. 2002 मध्ये बुसानला आशियाई सुवर्ण, 2003 मध्ये बँकॉकला जागतिक विजेतेपद. बँकॉकच्या त्या एकाच स्पर्धेत त्याने लुसियन ब्यूटे आणि अँडी ली यांना हरवलं. हे दोघेही पुढे व्यावसायिक जगज्जेते झाले, यावरून काय ते समजा.

मग 2004, अथेन्स ऑलिंपिक. तेव्हा हौशी लढतीचे गुण बटणावर मोजायचे. रिंगभोवती पाच पंच. ठोसा नीट लागला असं वाटलं की पंचाने बटण दाबायचं, आणि एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तरच गुण मिळायचा. अंतिम फेरीत रशियाच्या गायदरबेक गायदरबेकोवने त्याला हरवलं. रौप्यपदक. 75 किलोचा हाच गट. चार वर्षांनी बीजिंगला याच गटात आपल्या विजेंदर सिंगने कांस्य जिंकलं, ते तुम्हाला आठवत असेल.

2006 मध्ये गोलोव्किन जर्मनीत, हॅम्बुर्गच्या एका प्रवर्तकाकडे, म्हणजे लढती भरवणाऱ्याकडे, व्यावसायिक झाला. तिथे चार वर्षं गेली, मोठी लढत काही मिळेना. 2010 मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि कॅलिफोर्नियात बिग बेअरच्या डोंगरावर आबेल सांचेझ या प्रशिक्षकाकडे गेला. त्याच वर्षी पनामा सिटीत त्याने मिल्टन नुनेझला 58 सेकंदांत आडवा केला.

इथून पुढची काही वर्षं मला सगळ्यात प्रिय आहेत. 2008 पासून 2016 पर्यंत लागोपाठ 23 लढती त्याने नॉकआउटने, म्हणजे समोरच्याला लढणं अशक्य करून, जिंकल्या. पंचांनी कागदावर काय लिहिलंय, ते वाचायची वेळच आली नाही! तो धावून जायचा नाही. डाव्या हाताचा सरळ ठोसा, जॅब, सतत तोंडावर. एकेक पाऊल पुढे सरकत समोरच्याची जागा कमी करत न्यायची. तो दोरांपाशी पोचला की डावा हात खाली वळायचा, बरगडीखाली, यकृतावर. 2013 मध्ये मॅथ्यू मॅकलिनला तिसऱ्या फेरीत तो ठोसा बसला. यकृतावरचा मार असा असतो की शुद्ध हरपत नाही, पण पाय साथ देत नाहीत आणि श्वास आत जात नाही. मॅकलिन उठू शकला नाही. पुढल्या वर्षी डॅनियल गीलने गोलोव्किनच्या तोंडावर उजवा ठोसा हाणला, तो लागत असतानाच गोलोव्किनचा उजवा हात गीलपर्यंत पोचलेला होता. पडला तो गील.

असल्या माणसाशी कोण लढणार? मोठी नावं टाळत राहिली. मेक्सिकोचा नामांकित बॉक्सर साऊल ‘कानेलो’ अल्वारेझ अखेर समोर उभा राहिला तो 16 सप्टेंबर 2017 ला, लास वेगासमध्ये. गोलोव्किन पस्तिशीला पोचला होता.

व्यावसायिक लढतीत बारा फेऱ्या. फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला बहुधा 9. त्या रात्री एका पंचाने गोलोव्किनला 115-113 ने पुढे ठेवलं. दुसऱ्याने 114-114 दिले. आणि तिसरा कागद होता 118-110, अल्वारेझच्या बाजूने. म्हणजे बारांपैकी फक्त दोन फेऱ्या गोलोव्किनच्या! त्या रात्री ठोसे मोजणाऱ्यांच्या नोंदीत गोलोव्किनचे 218 ठोसे लागले होते, अल्वारेझचे 169. निकाल बरोबरीत गेला. मी ती लढत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. गोलोव्किन जिंकला होता, हे माझं ठाम मत आहे, आणि तो 118 चा कागद मला आजही सलतो.

वर्षभराने पुन्हा तेच दोघे. या खेपेला अल्वारेझ निसटत्या फरकाने जिंकला, आणि 2022 मधली तिसरी लढत तर स्पष्टपणे त्याची होती. 42 विजय, त्यांतले 37 नॉकआउट, 2 पराभव आणि ती एक बरोबरी, हा गोलोव्किनचा व्यावसायिक हिशेब.

पण त्या तिसऱ्या लढतीआधी, एप्रिल 2022 मध्ये, जपानमध्ये साइतामाला एक रात्र झाली. समोर लंडन ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता र्योता मुराता. गोलोव्किनला चाळिसावं लागून एकच दिवस झाला होता. सुरुवातीच्या फेऱ्यांत मुराताने त्याच्या पोटावर चांगलेच ठोसे लगावले. नवव्या फेरीत मुराताच्या कोपऱ्यातून टॉवेल आत पडला, म्हणजे त्याच्या माणसांनी हार मानली. लढत संपल्यावर गोलोव्किनने आपला चापान, म्हणजे कझाक लोक मानाच्या पाहुण्याला देतात तो झगा, मुराताला दिला. हरलेल्याला, त्याच्याच देशात.

2024 मध्ये तो कझाकस्तानच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाला आणि 2025 च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या जागतिक संघटनेचा. पंचगिरी आणि कारभार यांवरून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुन्या जागतिक संघटनेची मान्यताच काढून घेतली होती, आणि बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये राहणार की नाही, अशी वेळ आली होती. आता 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग आहे. तिथे रिंगभोवतीच्या खुर्च्यांवर कुणी बसायचं आणि गुण कसे द्यायचे, हे ठरवणाऱ्या संघटनेच्या प्रमुखपदी कारागांडाच्या खाण कामगाराचा हा मुलगा आहे.

नमस्कार.