‘नोंदणीकृत’ या शब्दाविषयी

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘साथीच्या काळातील शासकीय मदत व मार्गदर्शन : पुढील आपत्तीसाठी काही सूचना’ असा छापला आहे. सूचना मी अवश्य मांडणार आहे. मात्र महसूल खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला आधी ‘संदर्भ’ लिहिल्याखेरीज मूळ विषयाला हात घालता येत नाही, तेवढी मुभा आपण द्यावी.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिल्या रुग्णांचे निदान झाले आणि १४ मार्चला राज्याचे कोविड नियम निघाले. ज्या साथरोग अधिनियमाच्या आधारे ते निघाले, तो १८९७ चा. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला म्हणून घाईने केलेला. हा कायदा इतका आटोपशीर आहे की चहा निवण्याआधी वाचून संपतो. त्यात सरकारला अधिकार आहेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षणही आहे. घरात कोंडलेल्या माणसाने खायचे काय, याबद्दल अवाक्षर नाही. त्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घरे तपासत होते आणि रुग्णांना स्वतः उचलून नेणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. हुकूम एका दाराने येत होता आणि माया दुसऱ्या दाराने. १३ एप्रिल २०२१ च्या रात्री मुख्यमंत्र्यांनी कडक निर्बंध जाहीर करताना त्याच भाषणात ५,४७६ कोटी रुपयांची तरतूदही सांगितली, त्याचे श्रेय म्हणूनच मी मोकळ्या मनाने देतो.

त्या निर्बंधांना ‘ब्रेक द चेन’ असे नाव होते. आमच्या शेजारच्या आजींनी ते दूरचित्रवाणीवर ऐकले आणि दुसऱ्या दिवशी गंभीरपणे विचारले, ‘चेन तोडली तर तक्रार पोलिसांत द्यायची, त्यासाठी सगळ्यांनी घरात कशाला बसायचं?’ आपण हसलात. पण जो आदेश समजावा म्हणून काढला, त्याच्या नावापाशीच एक नागरिक अडला होता. निवृत्त झाल्यामुळे आणि मराठी टिपणीची सवय असल्यामुळे, आमच्या इमारतीत आदेश वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले होते. आदेशाच्या माथ्यावरच्या ‘वाचा’ या संदर्भयादीपासून शेवटच्या ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’पर्यंत मी सगळे खणखणीत आवाजात वाचत असे आणि शेवटी कोणीतरी हमखास विचारी, ‘म्हणजे दूध किती वाजेपर्यंत मिळणार?’

आता त्या तरतुदीकडे वळतो. बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये मिळणार होते. ऐकणाऱ्याच्या कानात एवढेच राहिले. परंतु प्रत्येक नामाच्या आधी एक विशेषण बसलेले होते : ‘नोंदणीकृत’ बांधकाम कामगार, ‘नोंदणीकृत’ घरेलू कामगार, ‘अधिकृत’ फेरीवाले, ‘परवानाधारक’ रिक्षाचालक. मालकाची रिक्षा पाळीने चालवणारा दिवसभर रिक्षाच चालवतो, परंतु परवाना मालकाच्या नावे असतो. शासकीय मराठीत पैसा नामाकडे पाहून मंजूर होतो आणि विशेषणाकडे पाहून वाटला जातो, असे माझे जुने मत आहे. ते ऐकवायला मिळावे म्हणूनच मी हे आमंत्रण स्वीकारले, हे कबूल करतो.

घोषणेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. घरकामाला येणाऱ्यांना मुभा द्यावी की नाही, हे त्या आदेशाने स्थानिक प्रशासनावर सोपवले होते. त्यामुळे त्या कामावर यायच्या की नाही हेही ठरलेले नव्हते. उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यांनी विचारले, ‘भाऊ, ते पंधराशे मला येणार का?’ मी नेहमीच्या पद्धतीने उत्तर दिले. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा अधिनियम आहे, त्याखाली नोंदणी असावी लागते, ती चालू असावी लागते, लाभ खात्यात जमा होतो, वगैरे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘ते झालं. माझं नाव हाय का न्हाई?’

नाव नव्हते. ते का नव्हते, हे मला त्याच क्षणी आठवले आणि म्हणूनच मी इतका वेळ अधिनियमाविषयी बोलत होतो.

काही वर्षांपूर्वी मावशींनी नोंदणीचा अर्ज माझ्याकडे आणला होता. ही बाई आपल्या घरी काम करते, असे घरमालकाने त्यावर लिहून सही करायची होती. पत्ता आणि सही, एवढेच. मी तो उलटसुलट वाचला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारलेल्या मला स्वतःच्या सहीची मात्र धास्ती वाटली. उद्या यातून बोनस निघाला तर, रजेचा हक्क निघाला तर, कोणी चौकशीला आले तर? ‘ठेवा, सवडीने पाहतो,’ असे म्हणून मी अर्ज ‘महत्त्वाचे’ असे लिहिलेल्या फाइलीत ठेवला. आमच्या खात्यात ज्या कागदाचे काही करायचे नसते, तो अशाच फाइलीत जातो. मावशींनी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. त्या एप्रिलमध्ये मी फाइल उघडली तेव्हा अर्ज जागच्या जागी होता. फोटोला लावलेली टाचणी गंजून मावशींच्या खांद्यावर तांबडा डाग उमटला होता. फोटोत त्यांनी ठेवणीतले लुगडे नेसले होते.

तहसील कार्यालये नागरिकांना खेपा घालायला लावतात, अशी टीका मी नोकरीत असताना ऐकली आणि तिच्यावर चिडलोही. येथे कार्यालयापर्यंत कागद पोहोचलाच नव्हता. तो माझ्याच कपाटात अडकला होता.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तिच्यावर ‘सात मिनिटे’ असे लिहिले आहे. तेव्हा ज्यासाठी आपण आलात त्या सूचना आता भराभर मांडतो.

जेथे यादी आधीपासून तयार होती, तेथे मदत सरळ पोहोचवता आली. अन्नसुरक्षा योजनेच्या सुमारे सात कोटी लाभार्थ्यांना महिनाभर ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ मोफत द्यायचे ठरले, तेव्हा नवी यादी करावी लागली नाही. बांधकाम कामगारांसाठीही १९९६ च्या कायद्यानुसार बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आधीच गोळा होत होता, म्हणून पैसा हाताशी होता. दुसरीकडे शिवभोजन थाळीला यादीच लागत नव्हती. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली थाळी टाळेबंदीत पाच रुपयांवर आली आणि एप्रिल २०२१ मध्ये मोफत झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात घ्यायला रांगेत उभे राहण्यापलीकडे पात्रतेचा दाखला नव्हता. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही मे २०२० मध्ये शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व रहिवाशांना खुली केली गेली. माझी पहिली सूचना यातूनच निघते : संकटात रोख मदत द्यायची असेल, तर नोंदणी शांततेच्या काळात पूर्ण करावी, ती झालेली नसेल, तर त्या महिन्यापुरते विशेषण काढून टाकावे आणि स्वयंघोषणेवर पैसे द्यावेत. चार लोक खोटे बोलतील, हा आक्षेप मला पाठ आहे. मी तो स्वतः अनेक टिपण्यांत लिहिला आहे.

दुसरी सूचना मार्गदर्शनाची. जून २०२१ मध्ये निर्बंधांचे पाच स्तर आले. पहिल्या स्तरासाठी बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि व्यापलेल्या ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी असणे आवश्यक होते. शास्त्र म्हणून ते चोख होते, पण दुकानदाराला शटर किती वाजता ओढायचे एवढेच हवे होते. प्रत्येक आदेशाच्या पहिल्या पानावर काय सुरू, काय बंद, किती वाजेपर्यंत आणि मदत कोठे मिळेल, हे मोठ्या अक्षरांत असावे; संदर्भ, अधिनियम आणि कलमे त्यामागे जोडावीत.

तिसरी सूचना घरेलू कामगारांच्या अर्जाविषयी. कामाचा दाखला घरमालकाच्या मर्जीवर ठेवू नये. वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेचा किंवा नगरसेवकाचा चालावा. या मंडळाच्या नोंदणीला साठ वर्षांची मर्यादा आहे आणि मावशी आता तिच्यापुढे गेल्या आहेत. त्यांची सून आमच्याच इमारतीत तीन घरी काम करते. तिच्या अर्जावर मी सही केली आहे. उरलेल्या दोन घरांनी ‘सवडीने पाहतो’ असे सांगितले आहे आणि त्यांपैकी एक गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत.