मांजराचं घर आणि फिनेलचा वास

नमस्कार मंडळी. आज खुर्चीत नाही, थेट फरशीवर बसले आहे, कारण आजचं सगळं बोलणं फरशीपासूनच सुरू होतं.

(कॅमेरा खाली. पलंगाचा पाय, त्याच्याजवळ शहाबादी फरशीचा सांधा.)

ही दोन फरश्यांमधली काळी रेघ दिसते का? आमच्या सोलापुरातल्या मागच्या गड्ड्याच्या जत्रेला माझी मावशी आमच्याकडे राहायला आली. चप्पल काढली, आत पाऊल टाकलं आणि पहिलंच वाक्य, "घरात बोका मुतलाय काय गं?" मी त्याच सकाळी दोनदा फरशी पुसली होती, चांगलं टोपणभर फिनेल घालून. मला तर घर छान वाटत होतं. पण ज्या घरात आपण चोवीस तास राहतो, त्याच्या वासाला आपलं नाक सरावलेलं असतं. बाहेरून आलेल्याला तो पटकन कळतो.

माझ्याकडे दोन मांजरं आहेत. चटणी नावाची मांजरी आणि बाळू नावाचा बोका. दोघंही घरातच राहतात, रस्त्यावर सोडत नाही. साखर पेठेतलं जुनं घर, आणि आमच्या भागात पाणी चार दिवसांआड. "रोज घर धुवून काढा" हा सल्ला मला काय उपयोगाचा? म्हणून मी जे सांगणार आहे ते कमी पाण्यात होणारं आहे. पण त्याआधी फिनेल घरातून बाहेर काढायचं. हे मी हात जोडून सांगते.

मावशी आली त्याच आठवड्यात चटणीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी आधी तिला हात लावला नाही, मला विचारलं, "फरशी कशानं पुसता?"

तेव्हा मला कळलं ते असं. मांजर अनवाणी चालतं. ओल्या फरशीवर चालतं, मग कोपऱ्यात बसून चारही पंजे चाटून स्वच्छ करतं. म्हणजे तुम्ही फरशीला लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. काळ्या फिनेलमध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेली फिनॉलं असतात, पांढऱ्यात पाइनचं तेल. आपलं यकृत अशी द्रव्यं ज्या वाटेनं निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात फार कमकुवत आहे, कारण त्यासाठी लागणारं एक एन्झाइम त्याच्या शरीरात नीट चालतच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते ती याच कारणानं. ताप आलाय म्हणून प्रेमानं अर्धी गोळी देणारी माणसं मी बघितली आहेत. कृपा करून देऊ नका. कपाटातल्या डांबरगोळ्याही तशाच. एकतर काढा, नाहीतर कपाट असं बंद ठेवा की मांजर आत शिरणार नाही.

चटणी वाचली. सलाईन लागलं, तीन दिवसांनी खायला लागली. पण फिनेल बंद केल्यावर घराचा खरा वास उघडा पडला, आणि मग मला तो शोधावा लागला.

मांजराच्या लघवीला इतका उग्र वास का, ते आधी समजून घेऊ. घरातली मांजरं आफ्रिकेतल्या रानमांजरापासून आली, कोरड्या वाळवंटी भागातल्या. पाणी कमी प्यायचं आणि लघवी घट्ट करायची, ही त्यांची जुनी सवय. त्यातल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. शिवाय त्यात फेलिनीन नावाचं गंधक असलेलं अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटतं आणि फुटताना वास सोडतं. म्हणून आज पुसलेला डाग परवा जास्त वास मारतो. आपल्याला वाटतं पुन्हा केली, पण ती जुनीच असते. नसबंदी न केलेल्या बोक्यात हे फेलिनीन सगळ्यात जास्त. बोका भिंतीला पाठ करून, शेपटी उभी थरथरवत फवारा मारतो ना, त्याचा वास तुम्ही पुसून पुसून किती पुसणार? पाच-सहा महिन्यांचा झाला की डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या. सफाईचं निम्मं काम तिथेच होतं.

आता डाग शोधायचा कसा? दुकानदार नोटा तपासायला जी जांभळ्या उजेडाची बॅटरी वापरतात, ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडून एका रात्रीसाठी मागून आणली. घरातले सगळे दिवे बंद केले. पलंगाखाली हा सांधा पिवळट हिरवा चमकला. भिंतीला दोन जागा, दाराच्या चौकटीला एक. इतके दिवस मी फरशीचा मधला भाग घासत होते आणि लघवी सांध्यात मुरत होती.

(कॅमेरा हातावर. टॉवेलचा तुकडा, वाटी, सुई काढलेली सिरिंज.)

डाग ताजा असेल तर घासायचं नाही. घासलं की पसरतो. वरून दाबायचं आणि टिपायचं. त्यासाठी आपल्या टॉवेलसारखी दुसरी वस्तू नाही. शेजारच्या अक्कांच्या मुलाचा टॉवेलचा लूम आहे, तिथले खराब निघालेले तुकडे मी घेऊन ठेवते. मग ज्या कपड्यांच्या पावडरीच्या पाकिटावर एन्झाइम असं लिहिलेलं असतं ती घ्यायची. एक पेला कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. कोमटच. उकळतं घातलं तर एन्झाइम मरतं आणि नुसता फेस उरतो. सांध्यात मी हे सिरिंजनं सोडते, सुई काढून. कारण लघवी जिथवर गेली तिथवर पाणी गेलं पाहिजे. वर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं सोडायचं. मग टिपायचं, साध्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा पुसायचं, पंख्याखाली वाळू द्यायचं. शेवटी मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन एक हात. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस बंद, खिडकी उघडी आणि मांजर दुसऱ्या खोलीत, पूर्ण वाळेपर्यंत. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं. सगळ्याला मिळून अर्धी बादलीसुद्धा पाणी लागत नाही.

व्हिनेगर किंवा लिंबाबद्दल मला बरेच जण विचारतात. तुमची फरशी शहाबादी असेल तर मुळीच नको. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आम्ल त्याला खातं. एका तुटक्या तुकड्यावर बाथरूमचं ॲसिड टाकून बघा, बुडबुडे दिसतील. फरशी खरखरीत झाली की पुढची लघवी आणखी खोल मुरते. आणि ब्लिचिंग पावडर लघवीवर कधीच टाकू नका. त्यातला क्लोरीन आणि लघवीतला अमोनिया मिळून विषारी वायू होतो, तो आपल्यालाही बाधतो.

चादरीवर केली तर? बाळूनं एकदा केली होती, नव्या कोऱ्या सोलापुरी चादरीवर. जाड सुती विणीची चादर, ती लघवी अशी पिते की वर काही दिसतच नाही. घडी घालून धुण्याच्या ढिगात टाकू नका, बाकीच्या कपड्यांना लागते. तेवढाच भाग आधी त्याच एन्झाइमच्या पाण्यात तासभर भिजवायचा, मग सगळी धुवायची आणि गच्चीवर उन्हात. मे महिन्यातलं आपलं ऊन, त्याला कोण काय सांगणार! जाड चादरसुद्धा वाळायला वेळ लागत नाही. मांजराला झोपायलाही जुनी चादरच द्या, टॉवेल देऊ नका. टॉवेलच्या फासांत नख अडकतं, मांजर घाबरून ओढतं आणि नख दुखावतं.

आता डबा. म्हणजे त्यांची शी-शूची जागा. माझ्या मते घरात वास येतो तो मांजरामुळे कमी आणि चुकीच्या डब्यामुळे जास्त. मांजर मुळात घाण ठिकाणी जात नाही. डबा घाण असला की ते पलंगाखाली जातं. बाळूचंही तेच झालं होतं. दोन मांजरांना मी एकच डबा ठेवला होता, तोही लहान, आणि वॉशिंग मशीनला चिकटून. मशीन फिरायला लागलं की तो आत पाय टाकायचा नाही. हिशोब असा की जितकी मांजरं त्याहून एक डबा जास्त. लांबी मांजराच्या दीडपट, म्हणजे त्याला आत वळता आलं पाहिजे. मी विकतचा डबा आणलाच नाही. भांड्यांच्या दुकानातून मोठे प्लॅस्टिकचे टब आणले आणि एका बाजूनं कापून उंबरठा खाली केला. जेवणाच्या वाटीपासून लांब, पण अडगळीत नको. एक डबा मधल्या खोलीत आहे. पाहुणे आले तरी असू दे, मला त्याची लाज वाटत नाही.

आत काय घालायचं? गोळे धरणारी बाजारातली लिटर, म्हणजे डब्यात पसरायची भर, बहुतेक बेंटोनाइट मातीची असते. ही माती कच्छमध्ये निघते. तिचा गुण आपल्याला नवा नाही. आपल्या शेतातली काळी माती पावसात फुगते, चपलेला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात ना, तेच काम तीही करते, कारण दोन्हींत एकाच घराण्यातली चिकणमाती आहे. ती ओल पिऊन फुगते आणि गोळा धरते. म्हणूनच हे गोळे संडासात टाकायचे नाहीत. पाइपात जाऊन फुगतात आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. कागदात गुंडाळून घंटागाडीत. लिटर दोन-तीन इंच जाड पसरा, सकाळ-संध्याकाळ गोळे उपसा, दोन-तीन आठवड्यांनी सगळी काढून टब साबणानं धुवा. सुवासिक लिटर घेऊ नका. तो वास आपल्यासाठी असतो, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. परवडत नसेल तर चाळलेली कोरडी वाळू चालते, पण ती गोळा धरत नाही, पटकन बदलावी लागते. डब्यासमोर काथ्याचं पायपुसणं टाका, पंजातली माती तिथेच झडते.

रोज उपसण्याचं आणखी एक कारण आहे. मांजराच्या विष्ठेतून कधीकधी टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येतो. बाहेर पडल्यावर तो एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगा होतो. रोज काढलं तर त्याला तेवढी मुदतच मिळत नाही. घरात कोणी गरोदर असेल तर डबा दुसऱ्यानं साफ करावा, नाइलाजच असेल तर हातमोजे घालून, नंतर हात साबणानं धुवून. पण सून गरोदर आहे म्हणून मांजर पोत्यात घालून सोडून यायचं, हे मी या गल्लीत बघितलं आहे आणि ते मला आजही आठवतं. अर्धंकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो लागतो. तिथे आधी लक्ष द्या.

केसांचं बोलायचं तर सुरुवातच झाडूनं करू नका. कोरड्या झाडूनं केस उडतात आणि कूलरच्या हवेनं पुन्हा ताटात येतात. आधी ओलसर फडकं, मग झाडू. गादीवरचे केस काढायला भांडी घासायचा रबरी हातमोजा थोडा ओला करून एकाच दिशेनं ओढा, केसांची वात वळते. कूलरच्या जाळीवर मागच्या बाजूनं केस बसतात, आठवड्याला बघा. ॲलर्जी असणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, ती मूळ केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं, ते केसांवर वाळतं आणि धुळीबरोबर उडतं. म्हणूनही ओलं पुसणंच बरं. उन्हाळ्यात रोज पाच मिनिटं कंगवा फिरवला तर फरशीवर येणारे निम्मे केस कंगव्यातच राहतात, आणि चाटून पोटात गेलेल्या केसांच्या उलट्याही कमी होतात.

सोफा ओरबाडतात त्याला मारू नका. नखाचं जुनं कवच काढायला त्यांना ते लागतंच. एका लाकडी खांबाला सुतळी घट्ट गुंडाळा, मांजर पूर्ण ताणलं तरी पुरेल इतका उंच, आणि सोफ्याच्या शेजारीच ठेवा. पिसवा झाल्या तर औषध मांजरांचंच, डॉक्टरांकडून. कुत्र्याचं नको, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. पिसवांची अंडी अंथरुणात आणि फटीत पडतात, त्यामुळे चादरी गरम पाण्यात आणि ऊन, हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

(कॅमेरा डब्यावर. हातात जाळीचा चमचा.)

हे बघा, आजचे गोळे. तीन मोठे, लिंबाएवढे. दोन चटणीचे, एक बाळूचा. मी रोज मोजते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी बाळूच्या डब्यात हरभऱ्याएवढे चार गोळे होते, आणि तो पुन्हा पुन्हा आत जाऊन बसत होता, ओरडत होता. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ असेल म्हणून थांबायचं नसतं. मी त्याच तासाला रिक्षात बसले. फोनवर डॉक्टरांना एवढंच सांगितलं, "बोका आहे, सकाळपासून लघवी होत नाही." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, लगेच या म्हणाले.